चौदा वर्षं का थांबले?

भाची बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, पोलिटिकल सायन्स घेतलंय, आणि परीक्षेच्या आधी दोन दिवस आमच्याकडे गोव्यात डिचोलीला राहायला आली होती. पाऊस धो धो, लाईट गेलेली, सोप्यावर मेणबत्ती लावून बसलो होतो आणि ती नोट्स मोठ्याने वाचत होती. रिअॅलिझमचे पाच मुद्दे, लिबरलिझमचे पाच मुद्दे, मग कन्स्ट्रक्टिव्हिझम, त्याचेही पाच. वाचता वाचता वही मिटली आणि म्हणाली, "मावशी, हे सगळं अमेरिका-रशियाचं गो, पाठ करायचं, लिहायचं, सोडून द्यायचं."

मला ते लागलं. कारण ती बसली होती त्याच सोप्यावर माझ्या आजीने मला एकदा जो प्रश्न विचारला होता, त्याहून चांगला आंतरराष्ट्रीय संबंधांचा प्रश्न मला नंतर कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. तेव्हा मी स्वतः एमए करत होते. १९ डिसेंबर होता, मुक्तिदिन, बाबा रेडिओ लावून बसलेले, आणि आजी सुपात तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मागीर चवदा वर्सां कित्याक रावले?" भारत ४७ला इंग्रजांकडून सुटला, आपण गोंयकार पोर्तुगीजांकडून ६१ला. भारताचं सैन्य आलं आणि दोन दिवसांत सगळं संपलं. मग मधली चौदा वर्षं कशाला थांबले?

हे तिने उगाच विचारलं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाला ५५ साली पत्रकं वाटताना पोर्तुगीजांनी धरलं होतं. चार वर्षांनी सुटून आला तेव्हा डाव्या कानाने त्याला काही ऐकू येत नव्हतं, आणि लग्नाचं वय टळून गेलं होतं. आम्ही त्याला आजोबाच म्हणायचो, बोलायचं असलं की उजव्या बाजूला जाऊन बसायचो. तर ती चौदा वर्षं आजीला कॅलेंडरवर मोजायची नव्हती, समोर माणूस बसलेला होता.

मी तेव्हा काय उत्तर दिलं, तर "आंतरराष्ट्रीय परिस्थिती अनुकूल नव्हती." तिने माझ्याकडे बघितलं आणि परत सूप हातात घेतलं. ते उत्तर नव्हतंच, हे मलाही कळलं होतं. तर त्या रात्री भाचीला म्हटलं, ठेव ती वही, आपण आजीच्या प्रश्नाचं उत्तर शोधूया, तुझ्या सगळ्या थिअऱ्या वाटेत भेटतील.

पहिल्यांदा एक साधी गोष्ट. शेजाऱ्याने रात्रीत शेताचा बांध सरकवला तर आपण मामलेदाराकडे जातो, कोर्टात जातो, निदान पंचायतीत तरी ओरडतो. देशाने बांध सरकवला तर कुठे जायचं? वर कोणी मामलेदार नाहीच. या अवस्थेला अभ्यासक अराजकता म्हणतात, आणि त्यात गोंधळ-दंगल असा अर्थ नसतो, फक्त एवढंच की देशांच्या डोक्यावर कुणी सरकार नाही. हा सगळा विषय या एका गोष्टीभोवती फिरतो. कॉलेजात शिकायचा विषय म्हणून तो सुरू झाला १९१९ साली, वेल्समधल्या अॅबरिस्टविथ नावाच्या समुद्रकाठच्या लहान गावात, पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि असं परत होऊ नये म्हणून काय करायचं हे लोकांना खरंच शोधायचं होतं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. पाच-पाच मुद्द्यांसाठी हा विषय जन्मलाच नाही, मेलेल्या मुलांच्या आईबापांना काहीतरी उत्तर द्यायचं होतं म्हणून जन्मला.

आता वास्तववाद, म्हणजे रिअॅलिझम. तो म्हणतो की वर कोणी नाही म्हणून प्रत्येकाने आपली ताकद बघावी आणि दुसऱ्याची मोजावी, दुसऱ्याच्या गोड बोलण्यावर विसंबू नये. पुस्तकं याची सुरुवात ग्रीक थ्युसिडिडीसपासून करतात, मेलोस नावाच्या लहान बेटाला अथेन्सवाले सांगतात की बलवान जमेल ते करतात आणि दुबळ्यांना सोसावं लागतं. पण आपण मराठी वाचणारी माणसं, आपल्याला ग्रीसपर्यंत जायची तशी गरज नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बघा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. त्यात सावकारांचं, म्हणजे व्यापाऱ्यांचं कौतुक आहे, त्यांना सांभाळा म्हणून सांगितलंय, आणि लगेच पुढे इशारा आहे की फिरंगी, इंग्रज, वलंदेज (म्हणजे डच) हे टोपीकर, म्हणजे युरोपियन लोकही व्यापार करतात पण ते बाकीच्या सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या मागे त्यांचा राजा आहे, त्यांना समुद्रकाठी जागा देऊ नका. व्यापाराच्या मागे राज्य उभं असतं हे इतक्या मोजक्या शब्दांत सांगणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही. आणि फिरंगी म्हणजे आमचेच पोर्तुगीज, तेव्हा हे लिहिताना पंतांच्या डोळ्यांसमोर गोवा असणारच, असं मला वाटतं.

भाची लगेच म्हणाली, "मग रिअॅलिझमने उत्तर सोपं आहे, भारताची ताकद कमी होती." इथेच थांबायला हवं, कारण हे बरोबर वाटतं पण नाही. गोव्यातलं पोर्तुगीज सैन्य म्हणजे काही हजार माणसं, एक जुनं लढाऊ जहाज, लिस्बन हजारो मैल लांब. हे भारताला ५० सालीही जमलं असतं, ४८ला हैदराबादेत सैन्य गेलंच होतं की. म्हणजे पोर्तुगालची ताकद मोजून भागत नाही, पोर्तुगालच्या मागे कोण उभं आहे ते मोजावं लागतं.

आणि मागे बरेच उभे होते. १९४९ला नाटो झाली, म्हणजे अमेरिका आणि तिच्या युरोपातल्या मित्रांची लष्करी युती, त्यात पोर्तुगाल पहिल्या बारा देशांत. हुकूमशाही असूनसुद्धा घेतलं, का, तर अझोर्स. अटलांटिक महासागराच्या मधोमध पोर्तुगालची ही बेटं आहेत, त्यातल्या तेर्सैरा नावाच्या बेटावर लाजेस म्हणून विमानतळ आहे, अमेरिकेची विमानं युरोपात किंवा पुढे जाताना तिथे उतरायची. अमेरिकेबरोबरचा तळाचा करार १९५१चा आणि तो ६२च्या अखेरीस संपत होता, म्हणजे ६१ साली अमेरिकेला पोर्तुगालला दुखवून चालणार नव्हतं. त्याआधी १९५५च्या डिसेंबरात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या मंत्र्याबरोबर एक पत्रक काढलं होतं, त्यात गोव्याचा विषय निघाला आणि "पोर्तुगीज प्रांत" असा शब्द वापरला गेला. त्याच दिवसांत रशियाचे नेते क्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन भारतात फिरत होते आणि गोव्याबद्दल उघड भारताच्या बाजूने बोलत होते. झालं, गोवा शीतयुद्धात गेला. डिचोलीतल्या, पेडण्यातल्या, सत्तरीतल्या माणसांना न विचारता.

नाटोच्या कराराचं एक कलम इथे सांगायलाच हवं. करारातलं संरक्षण कुठल्या प्रदेशाला हे सहाव्या कलमात लिहिलंय, युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेची अटलांटिकमधली बेटं वगैरे. गोवा त्यात बसतच नाही. म्हणजे कागदावर नाटो गोव्यासाठी लढायला बांधलेली नव्हती, पण भीती कागद वाचून थोडीच येते. इंग्लंड-पोर्तुगालची दोस्ती तर १३७३च्या तहापासूनची, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने तीही आठवून दिली, पण कॉमनवेल्थमधल्या भारताशी लढायला इंग्लंड काही उतरलं नाही.

आता दुसरी थिअरी. उदारमतवाद, म्हणजे लिबरलिझम, म्हणतो की वर मामलेदार नसला तरी नियम, संस्था, व्यापार, लोकशाही यांनी देशांचं वागणं बदलतं. कांटने १७९५ साली कायमच्या शांततेबद्दल लिहिलं तिथपासून ही विचारसरणी धरतात. नेहरूंचा बराचसा भरवसा यावर होता. जगाला शांततेने प्रश्न सोडवा म्हणून सांगणारा देश स्वतः बंदूक कशी उचलणार, हा त्यांचा पेच खरा होता, मी त्याला ढोंग म्हणणार नाही. १५ ऑगस्ट १९५५ला देशभरातून सत्याग्रही गोव्याच्या सीमेवर आले, पत्रादेवीला गोळीबार झाला, पंजाबहून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल तिथेच गेला, त्या दिवशी सगळीकडचे मिळून वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर भारताने उरलेसुरले संबंधही तोडले, नाकेबंदी आणखी कडक केली, पण सप्टेंबरात काँग्रेसने सत्याग्रहही थांबवायला सांगितलं. म्हणजे सैन्य नाही आणि सत्याग्रहही नाही. आजीचा भाऊ तेव्हा आत होता. हा निर्णय वाचताना मला अजून घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं.

नाकेबंदीची गोष्ट उदारमतवाद्यांनी नीट बघावी अशी आहे. भारताला वाटलं, माल बंद केला की गोवा गुदमरेल, कारण बेळगाव-सावंतवाडीकडून सगळं यायचं. आजी सांगायची की आधी खरोखर हाल झाले, आणि मग बाजारात हॉलंडचे बटाटे आले, सिलोनचा चहा आला. पैसा कुठून आला? आमच्याच डोंगरांतून. डिचोली, सत्तरी, सांगे इथलं लोखंडाचं खनिज जपानला जायला लागलं, खाणी जोरात चालल्या, बार्जेस मांडवीतून खाली. एका शेजाऱ्याने दार बंद केलं तर दुसरं दार उघडतं, परस्परावलंबन म्हणतात ते हेच, आणि ते नेहमी चांगल्या माणसाच्या बाजूने काम करतं असं नाही. तेव्हा सुरू झालेल्या त्या खड्ड्यांच्या कडेला आम्ही अजून राहतो.

कोर्टाचा भाग मला स्वतःला सगळ्यात आवडतो. ५४ साली दादरा आणि नगर हवेली, भारताच्या प्रदेशाने वेढलेले पोर्तुगालचे हे तुकडे, सुटले, आणि पोर्तुगालला तिथे आपले पोलीस-सैन्य न्यायला भारताने वाट दिली नाही. ५५च्या डिसेंबरात पोर्तुगाल युनोत आला आणि आठवडाभरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर केस टाकली. पोर्तुगालचा आधार काय, तर १७७९ साली पेशव्यांशी झालेला तह आणि नंतरच्या १७८३ व १७८५च्या सनदा. म्हणजे हेगमध्ये जगातले मोठे न्यायाधीश बसून पुण्याच्या दरबाराने काय दिलं होतं याचा कीस काढत होते, १२,००० रुपयांचा महसूल दिला की गावांचं राज्यच दिलं. १२ एप्रिल १९६०ला निकाल आला, त्यात जहागीर आणि सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क, हे शब्द आहेत. मराठ्यांनी सरंजाम दिला होता, सार्वभौमत्व दिलं नव्हतं, असं कोर्टाने म्हटलं. पण पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगालचा ताबा मानला होता म्हणून त्याचे साधे नागरिक, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती, सैन्याला, सशस्त्र पोलिसांना, हत्यारांना नव्हती, आणि भारताने काही चूक केली नाही. पोर्तुगालची पूर्ण पाठराखण नाही, भारताचा पूर्ण विजयही नाही. मी हे भाचीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा सरळ होऊन बसली. सरंजाम! इतिहासाच्या पुस्तकातला शब्द, इथे.

या शब्दावरूनच तिसऱ्या थिअरीकडे जाता येतं, ती कन्स्ट्रक्टिव्हिझम, तिला मराठीत रचनावाद म्हणतात, नाव जरा सिमेंट कंपनीसारखं आहे पण म्हणणं मोठं आहे. अलेक्झांडर वेंट म्हणून अमेरिकन अभ्यासक आहे, त्याने १९९२ साली लिहिलं की अराजकता म्हणजे देश तिचं जे करतील ते. त्याचंच एक उदाहरण भाचीच्या नोट्समध्येही होतं, ब्रिटनकडे पाचशे अणुबॉम्ब असले तरी अमेरिकेला उत्तर कोरियाच्या पाचांची भीती जास्त. ताकद मोजून हे कळणार नाही, कोण कोणाला काय समजतो ते बघावं लागतं.

गोव्याचं बघा. १९५१ साली सालाझारच्या सरकारने घटना बदलली आणि "वसाहत" हा शब्द काढून "समुद्रापलीकडचा प्रांत" असं केलं. एका शब्दाची अदलाबदल. युनोत गेल्यावर पोर्तुगाल म्हणायला लागला, आमच्याकडे वसाहतीच नाहीत, गोवा म्हणजे पोर्तुगालच, मग आम्ही कुणाला स्वातंत्र्य द्यायचं? आणि काही वर्षं हा शब्द खरोखर ढालीसारखा चालला. मग आफ्रिकेतले देश एकामागून एक सुटायला लागले, युनोतली मतं बदलली. १४ डिसेंबर १९६०ला वसाहती संपवण्याचा जाहीरनामा आला, १५१४ नंबरचा ठराव, बाजूने ८९, विरोधात शून्य, नऊ जण तटस्थ. दुसऱ्याच दिवशीच्या ठरावात पोर्तुगालच्या प्रदेशांची यादीच दिली, त्यात गोवा. त्या दिवसापासून "प्रांत" हा शब्द लिस्बनबाहेर फारसा कुणी मानला नाही. बंदूक एक वाढली नव्हती, सैनिक एक हलला नव्हता, पण गोवा म्हणजे काय हे जगाच्या डोक्यात बदललं होतं.

आणि त्यात अजून एक धागा, जो मला एमएला कुणी शिकवला नव्हता. ६१च्या ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर एक परिसंवाद झाला, आफ्रिकेतले स्वातंत्र्यसैनिक आले होते. अंगोलात त्याच वर्षी लढा पेटला होता. त्यांनी भारताला सुनावलं की तुम्ही गोव्यात थांबलात म्हणून आम्हीही अडकलोय. म्हणजे भारताचं थांबणं आपल्यापुरतं नव्हतं, अंगोलाच्या राजधानीपर्यंत, ल्वांडापर्यंत, त्याचा हिशेब चालला होता. नोव्हेंबरात पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून "साबरमती" या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला, आणि १७ डिसेंबरच्या रात्री सैन्य निघालं.

१८ तारखेला न्यूयॉर्कमध्ये सिक्युरिटी कौन्सिल बसली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांचा ठराव, भारताने लढाई थांबवावी आणि सैन्य मागे घ्यावं. बाजूने सात मतं, विरोधात चार: रशिया, सिलोन, लायबेरिया आणि इजिप्त, म्हणजे तेव्हाचं संयुक्त अरब प्रजासत्ताक. रशियाचा व्हेटो नसता तर ठराव पास होता. अमेरिकेचे प्रतिनिधी स्टीव्हन्सन म्हणाले की ही युनोच्या मरणाची सुरुवात ठरू शकते. भारताचे प्रतिनिधी झा म्हणाले की स्वतःच्याच सीमेवर आणि स्वतःच्याच लोकांवर आक्रमण कसं होईल. त्या एका खोलीत माझ्या भाचीच्या तीनही थिअऱ्या समोरासमोर बसल्या होत्या, एकीकडे नियम मोडला म्हणणारे, एकीकडे गोवा मुळात कुणाचा याचीच व्याख्या बदलणारे, आणि शेवटी हात वर करून विषय संपवणारी रशियाची ताकद.

माणूस कुठे गेला यात, असं भाचीने विचारलं, बरं केलं. केनेथ वॉल्ट्झने युद्धाची कारणं तीन पातळ्यांवर शोधा म्हणून सांगितलं होतं: माणूस, देश आणि सगळ्या देशांची मिळून रचना. त्याचा स्वतःचा भर तिसरीवर, पण मी गोव्यासाठी पहिलीवरून हलणार नाही. गोव्याचे पोर्तुगीज गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांना सालाझारचा हुकूम होता, मरेपर्यंत लढा. त्यांनी तो पाळला नाही, १९ तारखेला संध्याकाळी शरणागतीवर सही केली. परत गेल्यावर सैन्यातून काढलं त्यांना, हुकूमशाही पडल्यावरच परत घेतलं. पणजी आज उभी आहे, जुन्या गोव्याची चर्चेस उभी आहेत, यात त्या एका माणसाचा वाटा आहे, आणि हे म्हणायला मुक्तिसैनिकाच्या घरातली असूनही मला जड जात नाही.

दुसरी पातळी म्हणजे देश आतून कसा आहे. मोहन रानडे, सांगलीकडचे, गोव्यात मराठी शिकवायला आलेले, ५५ला पकडले गेले आणि पोर्तुगालच्या तुरुंगात गेले. गोवा ६१ला सुटला, रानडे सुटले ६९ साली! मुक्तीनंतर सात वर्षं. पोर्तुगाल मानतच नव्हता ना की गोवा गेला म्हणून. मग २५ एप्रिल १९७४ला लिस्बनमध्ये क्रांती झाली, हुकूमशाही गेली, आणि त्याच वर्षी ३१ डिसेंबरला पोर्तुगालने करार करून भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. जे तेरा वर्षं होत नव्हतं ते आठ महिन्यांत झालं. उदारमतवाद्यांना हे उदाहरण कुणीतरी नेऊन द्यायला हवं.

आता माझं म्हणणं. या सगळ्या थिअऱ्या सांगतात की देश का थांबतो. थांबण्याची किंमत कुणाकडून वसूल होते हे मात्र त्या विचारत नाहीत, किंवा फार उशिरा विचारायला लागल्या. सिंथिया एन्लो ही अभ्यासक ऐंशीच्या दशकात विचारायला लागली की या सगळ्यात बायका कुठे आहेत. आमच्याकडे होत्याच की. सुधाताई जोशी, महादेवशास्त्रींच्या पत्नी, १९५५च्या एप्रिलमध्ये म्हापशात सत्याग्रही अधिवेशनाच्या अध्यक्ष म्हणून उभ्या राहिल्या आणि तुरुंगात गेल्या. लिबिया लोबो वामन सरदेसायांबरोबर जंगलातून गुप्त रेडिओ चालवत होत्या, ५५च्या नोव्हेंबरपासून मुक्तीपर्यंत. डलेसच्या पत्रकाला उत्तर कुणी दिलं असेल तर या लोकांनी, आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पाठ्यपुस्तकात त्यांना ओळही नाही.

नेहरूंनी थांबायला नको होतं असं मी छातीठोक म्हणू शकत नाही. ५५ साली घुसले असते तर सिक्युरिटी कौन्सिलमध्ये सिलोन, लायबेरिया बाजूने असते का? युनोत आफ्रिकेतले फारसे देशच नव्हते तेव्हा. आणि अजून दहा महिने थांबले असते तर चीनचं युद्ध आलं होतं, मग कधी, कोण जाणे. म्हणजे ६१चा डिसेंबर ही फार अरुंद फट होती. हे मला आता दिसतं. पण हे दिसायला लागल्यावरसुद्धा आजोबांचा कान परत येत नाही, आणि मला वाटतं आजीला हिशेबाची ही दुसरी बाजू मान्य करून घ्यायची होती, कारणं ऐकायची होतीच, पण त्याआधी कुणीतरी म्हणायला हवं होतं की हो, तुमच्या चार वर्षांवर आम्ही थांबलो.

मी तिला ते कधी म्हटलं नाही. ती गेली तेव्हा मी नोकरीसाठी बाहेर होते.

लाईट रात्री साडेदहाला आली. भाचीने मोबाईल चार्जिंगला लावला आणि मॅपवर अझोर्स शोधलं, आधी सापडेना, निळ्यात निळं, मग झूम करत करत तेर्सैरा आलं. हिरवे चौकोन, दगडी बांध, गाईंची कुरणं, आणि एका कोपऱ्यात लांबलचक धावपट्टी. बराच वेळ ती ते बघत राहिली. मग विचारलं, "मावशी, या बेटावरच्या लोकांना तरी कुणी विचारलं होतं?"